डाव्या कडेच्या उल्का

"मान वळवायची नाही. शेजारचा 'तो बघ, तो बघ' म्हणून ओरडला तरी नाही. आपल्या डोळ्यांना दिसलं तेवढंच आपलं. आणि दुसऱ्याच्या मोजणीत तोंड घालायचं नाही, कळलं?"

बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी गच्चीवर पाठ टेकली की हा आवाज अक्काच्या कानाशी यायचा. तो येऊन गेल्याशिवाय तिला आकाश आपलं वाटत नसे. आजही तो येऊन गेला होता. दिवे मालवून बराच वेळ झाला होता, डोळे अंधाराला सरावले होते आणि बारीकसारीक तारेसुद्धा सांडलेल्या दाण्यांसारखे वेगवेगळे दिसत होते. ढगाचा मागमूस नव्हता.

"टिक."

उजवीकडच्या गादीवर छोट्याचं गणकयंत्र वाजलं. मुठीत धरायचं, अंगठ्याने दाबायचं, की आकडा एकाने पुढे. छोट्या ज्या प्रयोगशाळेत कामाला होता, तिथे रक्तातल्या पेशी मोजायला असलीच यंत्रं वापरत. जुनी झालेली दोन त्याने मागून आणली होती. एक त्याच्या मुठीत, एक अक्काच्या. अक्काचं गप्प होतं.

"टिक." आणि थोड्याच वेळाने पुन्हा, "टिक."

अक्काने पापणीही हलवली नव्हती. तिच्या डोक्यावरचं आकाश जिथल्या तिथे होतं. एक रेघ उमटली नव्हती.

वय झालं, असं तिच्या मनात आलं. ती छोट्याहून आठ वर्षांनी मोठी. हल्ली सुईत दोरा ओवताना तीनदा उजेडाकडे वळावं लागायचं. जे आहे ते आपल्याला दिसत नसेल, त्याला दिसतंय, यात वाईट काय? ती स्वतःची अशी समजूत घालत होती, एवढ्यात पायांच्या दिशेने एक उल्का सावकाश, पांढरी, ओल्या काचेवरून बोट फिरवावं तशी खाली गेली आणि दोघांची यंत्रं एकदम वाजली. मग एक बारीकशी, क्षणभराची, कोपऱ्यातली. तीही दोघांनी एकदमच टिपली.

म्हणजे डोळे ठीक होते.

"टिक," उजवीकडे पुन्हा वाजलं. वर काही नव्हतं.

"अक्का, काय बहार आहे गं आज!" छोट्या अंधारात म्हणाला.

"बोलू नये."

"हो, हो. चुकलं."

पन्नाशी उलटली होती, तरी घरात तो छोट्याच होता. प्रयोगशाळेत त्याला टिकटिक म्हणत. "टिकटिकला विचारा," "टिकटिक जेवायला गेलाय." त्याला त्याचं काही वाटत नसे. अक्काचं लग्न ठरलंच नाही आणि छोट्याचं ठरून मोडलं. रात्री गच्चीवर झोपणारा जावई त्या लोकांना नको होता, असं खालच्या काकू सांगत, पण खरं कारण त्याचा पगार असावा. भाऊबहीण मग एकत्रच राहिली. बाबांची खोली, बाबांची गच्ची आणि बाबांचा नेम. उल्का पडायच्या रात्री ठरलेल्या असतात. त्या रात्री ताप असो, पाहुणे असोत, दोघं गाद्या घेऊन वर जायची. देवापुढे दिवा लावल्याशिवाय घोट न घेणारी माणसं असतात, तसं ते होतं. कशासाठी, असं कुणी विचारलं तर त्यांना सांगता आलं नसतं.

सकाळी दोघांनी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहिला. छोट्या वाचनालयात जाऊन मास्तरांच्या पेटीत दोन्ही चिठ्ठ्या टाकून आला. मास्तर बाबांचे सोबती. आजूबाजूच्या हौशी लोकांचे आकडे गोळा करून ते मोठ्या केंद्राकडे पाठवत. चिठ्ठ्या पेटीत पडेपर्यंत एकमेकांना काही सांगायचं नाही, हाही बाबांचाच नियम.

"सांगू आता?" चपला काढता काढताच छोट्याने विचारलं.

"आधी चहा घे. गार होतोय."

"तुझ्या किती?"

"सात."

"सात!" तो इतका मोठ्याने हसला की कपातला चहा बशीत आला. "झोपलीस की काय मधे? घोरण्याचा आवाज नव्हता, एवढं मी छातीठोक सांगतो."

"तुझ्या?"

"पाचपट धर. जास्तच." त्याने आवाज खाली आणला. "आणि गंमत सांगू? बहुतेक सगळ्या डाव्या कडेने. अशा सर्रकन, कमानीसारख्या. दिसतात न दिसतात तोवर गेलेल्या. मागच्या वेळीही तसंच होतं. इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं मी."

अक्काने साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं होतं, तरी पुन्हा लावलं.

उल्कावर्षावातल्या उल्का आकाशातल्या एका जागेपासून फुटल्यासारख्या चारी दिशांना जातात. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, त्यालाही होतं. एकाच कडेला अशी रांग लागत नाही. आणि छोट्या उजवीकडे निजलेला. त्याची डावी कड म्हणजे तिच्या उशीवरचं आकाश. तिथे काही पडलं असतं तर आधी तिच्या डोळ्यांत पडलं असतं.

तिने काही विचारलं नाही. विचारायचं म्हटलं तर एकच प्रश्न होता, आणि तो या घरात एकदा विचारून झाला होता.

छोट्या तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेल. बाबांनी नुकतंच त्याला मोजायला बसवलं होतं. एका पहाटे त्याने भलताच मोठा आकडा लिहिला. बाबांनी शाबासकी दिली, आणि मग स्वतःची नोंद काढून बघितली. मधला कितीतरी वेळ आकाश ढगांनी भरलेलं होतं. बाबांच्या, अक्काच्या, कुणाच्याच नोंदीत त्या वेळातली एकही उल्का नव्हती. ढगांतून उल्का कुठून दिसल्या तुला, असं बाबांनी विचारलं तेव्हा पोराच्या ओठांवरचा दुधाचा ठसाही वाळला नव्हता. बाबांनी मारलं नाही. त्याला हाताला धरून वाचनालयात नेलं आणि चार लोकांत मास्तरांना सांगितलं, "ह्याचे आकडे यापुढे घेऊ नका. हा न दिसलेलंही मोजतो."

त्यानंतर बाबा असेपर्यंत छोट्या गच्चीवर येत राहिला, मोजत राहिला, पण त्याची चिठ्ठी कधी गेली नाही. बाबांचे दिवस झाले आणि मास्तर स्वतः घरी येऊन म्हणाले, "आता तुझेही दे रे." तेव्हा छोट्या तोंड धुवायच्या निमित्ताने आत गेला होता आणि बराच वेळ बाहेर आला नव्हता.

आणि आता हे.

अक्का दिवसभर त्यावर विचार करत राहिली. प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं होतं. नळीत रक्त घातलं की सगळ्या पेशी तेच मोजायचं आणि कागद छापून द्यायचं. छोट्याकडे उरल्या होत्या त्या यंत्राला न समजणाऱ्या दोन-चार काचा. जुन्या सूक्ष्मदर्शकाला उजवा डोळा लावून, डावा मिटून तो त्या बघत बसायचा. बाकी वेळ बाटल्या धुवायचा. टिकटिक बंद झाली होती त्याची. अशा माणसाला वाटलं असेल, आकाशात तरी आपल्या वाट्याला थोडं जास्त यावं. अंगठा हलला असेल. कुणाचं काय गेलं?

असं तिने त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं. रात्री हात जोडले तेव्हा म्हणालीही, "देवा, एवढं असू दे त्याच्याकडे. मी काही बोलणार नाही." आणि तिला शांत झोप लागली.

पुढच्या वर्षावाच्या वेळीही टिकटिक चालूच होती. खालच्या काकूंचं पुस्तकं बांधायचं दुकान जिन्याच्या तोंडाशीच होतं. कापलेल्या कागदांच्या थप्प्या पायरीपर्यंत आलेल्या असायच्या. एकदा कामावर जाताना छोट्याचा डावा पाय थप्पीला लागला आणि कागद रस्त्यापर्यंत पसरले.

"अरे, डोळे आभाळात ठेवून आलास का?" काकू घड्या दाबायची सळई हातात घेऊनच बाहेर आल्या. "एवढा मोठा ढीग दिसत नाही आणि म्हणे तारे मोजतो!"

"तारे वर असतात काकू, ढीग खाली. मला खालचं शिकवलं नाही कुणी."

"गोळा कर आधी! आणि क्रम लावून दे."

तो हसत हसत खाली बसला आणि कागद गोळा करू लागला. वरून अक्काही हसली. डावीकडचे तीन कागद त्याने उचललेच नाहीत. ते काकूंनी उचलले.

त्याच आठवड्यात अक्का वाचनालयात पुस्तक बदलायला गेली. मास्तर नेहमीच्या जागी होते, पेटीजवळच्या खुर्चीत. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांना ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून त्यांचा स्वतःचा आवाज फार वाढला होता. तिला बघितल्याबरोबर त्यांनी हाक मारली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्या भावाचे आकडे कुणाशीच जुळत नाहीत गं! तुझ्याशीही नाहीत! तुला काय वाटतं?"

लांब टेबलाभोवती वर्तमानपत्रं वाचत बसलेली माणसं होती. निवृत्त झालेले, नोकरीच्या जाहिराती बघणारे, ऊन चुकवायला आलेले. चार-पाच वर्तमानपत्रं खाली आली.

अक्का इस्पितळाच्या शिवणखोलीत पंचवीस वर्षं चादरी शिवत होती. दहा मशीनं एकदम चालायची तिथे, पण तिने कधी आवाज चढवला नव्हता. काही हवं असलं की उठून त्या बाईजवळ जायची आणि कानाशी सांगायची. मास्तरांना कानाशी सांगून ऐकू जाणार नव्हतं. उत्तर द्यायचं तर ओरडावं लागलं असतं. आणि ओरडून काय सांगायचं? तिने खाली बघितलं आणि हातानेच खूण केली, जाऊ द्या.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली.

"समजलो. त्याला काही बोलत नाही मी. आकडे नुसते बाजूला ठेवतो. बापाने बरोबर ओळखलं होतं."

वर्तमानपत्रं पुन्हा वर गेली. पुस्तक न बदलताच अक्का घरी आली. भावावर आपण पांघरूण घातलं, असं तिला वाटलं. त्या रात्री तिने त्याला वाढताना जरा जास्तच वाढलं.

दिवस गेले तसा छोट्या कधीमधी डोळ्यांसमोर हात हलवू लागला, माशी हाकलावी तसा. "काजळी उडते कुठूनतरी," म्हणायचा. अक्काने खिडकीचे पडदे धुतले.

मग एका सकाळी तो बिछान्यात बसूनच राहिला. चष्मा काढून त्याने तो सदऱ्याला पुसला, घातला, परत काढला.

"अक्का, ह्याला काय लागलंय बघ बरं. डाव्या बाजूने पडदा ओढल्यासारखं झालंय."

अक्काने चष्मा उजेडात धरला. काच स्वच्छ होती. तिने तो खाली ठेवला आणि त्याच्या चेहऱ्याच्या डावीकडे हात नेला. बोटं हलवली. तो समोरच बघत होता.

"पुसलास?" त्याने विचारलं.

डोळ्यांच्या डॉक्टर वयाने लहान होत्या. बोलायच्या भराभर, पण त्यांचा हात हलका होता. थेंब घालून, बाहुली मोठी होईपर्यंत बसवून ठेवून, कपाळावर दिवा लावून त्यांनी बराच वेळ आत बघितलं. दिवा मालवला आणि स्टूल मागे सरकवलं.

"डोळ्याच्या मागचा पडदा सुटलाय. अर्ध्याच्या वर. आधी काही जाणवलं नाही तुम्हाला?"

"कामाच्या वेळी हा डोळा मिटलेलाच असतो माझा," छोट्या म्हणाला. "दिवसाचं काही कळलं नाही."

"आणि रात्रीचं? अंधारात चमका दिसायच्या का? कडेला, विजेसारख्या? पडदा ओढला जायला लागला की अशा दिसतात."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "कमानीसारख्या, सर्रकन गेल्यासारख्या. डावीकडे."

"दिसायच्या."

"किती दिवस झाले?"

"दोन-तीन महिने."

"तीन महिने! मग दाखवायला का आला नाहीत?"

"मी मोजत होतो," छोट्या म्हणाला.

डॉक्टर हसल्या, थट्टा असेल म्हणून. मग त्यांनी अक्काकडे बघितलं आणि हसणं थांबवलं. "तेव्हाच आला असतात तर पाच मिनिटांचं काम होतं," त्या हळू म्हणाल्या. "आता शस्त्रक्रिया करावी लागेल. किती दिसेल ते मी आज सांगू शकत नाही. फार आशा ठेवू नका."

कागद तयार होईपर्यंत दोघं बाहेरच्या बाकावर बसली. बाहुल्या मोठ्या झालेली सगळी माणसं भिंतीला टेकून, उजेडाला हात आडवा धरून बसली होती. कुणाचं तरी मूल रडत होतं. छोट्याने डोळे मिटून घेतले होते.

"अक्का."

"अं?"

"तुला दिसत नव्हत्या."

"नाही."

"डावीकडची एकही?"

"नाही रे."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांनी सांगितलेलं की दुसऱ्याच्या..."

"बाबांचं राहू दे. तू का नाही बोललीस?"

अक्काने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"तुला वाटलं मी परत तसंच करतोय," छोट्या म्हणाला.

तो रागावला असता, हात झिडकारला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो डोळे मिटूनच बसून राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते हसू आहे हे तिला लगेच कळलं नाही.

"म्हणजे मला दिसतच होत्या," तो म्हणाला. "ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाल्या? अशा दिसतात म्हणाल्या. कमानीसारख्या. मी न दिसलेलं एकही दाबलं नाही, अक्का. एकही नाही."

आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. तो उठला, आणि बाकाच्या डाव्या हाताला अडखळला.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी हात राखून सांगितलं होतं ते खरं ठरलं. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार यातला फरक कळेल, त्यापलीकडे नाही. आणि तेवढं टिकवायचं तर पुढचे काही दिवस पालथं पडून राहायचं. तोंड खाली. बसायचं तरी मान खाली. डोळ्यात भरलेल्या हवेच्या बुडबुड्याने पडद्याला मागे दाबून धरायला हवं. वर बघायचं नाही.

"वर बिलकुल बघायचं नाही," डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

अक्काने पलंगाच्या कडेला उशा अशा लावल्या की कपाळ टेकेल आणि नाक मोकळं राहील. छोट्या तसा दिवसरात्र पडून असायचा. त्याच्या एका चांगल्या डोळ्यासमोर फरशीचा एक चौकोन होता.

"आयुष्यभर वर बघितलं, आता खालचं शिकतोय," दुसऱ्या दिवशी तो फरशीकडे बघतच म्हणाला. "काकूंना सांग. एक मुंगी येते इथे. सकाळी येते, संध्याकाळी येते. कामाला जात असणार."

"पाणी देऊ?"

"दे. नळी वाकवून दे, गेल्या वेळी कानात गेलं."

ती फरशीवर बसली. पेला त्याच्या तोंडाखाली धरला. तिसऱ्या दिवशी, असंच पाणी पिऊन झाल्यावर, त्याने नळी सोडली नाही. दातांत धरून काहीतरी जुळवत राहिला.

"मास्तरांना कळवायला हवं," शेवटी तो म्हणाला. "ते आकडे पुढे गेले असतील. काढून टाकायला सांगायला हवेत. आजाराचे आहेत ते."

"पुढे गेले नाहीत."

"तुला काय माहीत?"

"मास्तर भेटले होते. त्यांनी बाजूला ठेवलेत."



"कधी भेटले?"

"झाले दिवस. तुझा पाय कागदांना लागला ना, त्या आठवड्यात."

"त्यांना कसं कळलं?"

"कुणाशी जुळत नव्हते. मला विचारलं त्यांनी. वाचनालयात."

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही बोलले मी," अक्का म्हणाली. ते खरं होतं. मग तिला वाटलं, एवढ्या खऱ्याने भागणार नाही, आणि ती म्हणाली, "हात केला नुसता. जाऊ द्या म्हणून."

छोट्याची पाठ श्वासासरशी वर गेली, खाली आली. अक्का पेला हातात धरून तशीच बसली. खालून काकूंच्या दुकानातला कागद कापायचा आवाज येत होता, खर्र, खर्र.

"लोक होते?" त्याने विचारलं.

"होते."

"तेव्हाही होते. बाबांनी नेलं तेव्हा." तो थांबला. "एक होता, पेपर खाली करून माझ्याकडे बघत बसला होता. अजून येतो तो तिथे. म्हातारा झालाय."

"छोट्या, मी चुकले रे. मला वाटलं..."

"ते नको. तुला काय वाटलं ते कळलं मला. माझं एक काम कर." त्याचा हात पलंगाखाली लोंबत होता. त्याने तो चाचपत पुढे केला आणि तिच्या मनगटाला धरलं. "मास्तरांकडे जा. फोनवर त्यांना ऐकू येत नाही आणि चिठ्ठी नको. चिठ्ठी ते वाचतील आणि खिशात घालतील. समोर उभी राहा आणि सांग. आकडे चुकीचे होते, फेकून द्या म्हणावं. पण मी खोटा नव्हतो. एवढं सांग."

"सांगते."

"मोठ्याने सांगावं लागेल, अक्का. तुझ्या त्या कानाशी बोलायच्या आवाजात नको."

"हो."

"घरी जाऊ नकोस त्यांच्या. वाचनालयात जा. सकाळी, सगळे असतात तेव्हा."

अक्काला घाम फुटला. त्याला तो दिसत नव्हता. मनगट मात्र त्याच्या हातात होतं.

"वचन?" त्याने विचारलं.

"दिलं."

त्याने हात सोडला. थोड्या वेळाने म्हणाला, "मुंगी आली बघ." आणि ती बघायला वाकली नाही, याचं त्याला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का नेहमीपेक्षा लवकर उठली. हात जोडून उभी राहिली, पण मागायला काही सुचलं नाही. छोट्याचं तोंड पुसलं, थेंब घातले, उशी बदलली. पेला आणि वाकवलेली नळी त्याच्या हाताशी ठेवली. धुतलेले कपडे घातले.

"निघते," ती म्हणाली.

"ये." आणि दार ओढताना मागून, "सावकाश जा गं."

जिना उतरताना मधल्या वळणावर ती थांबली. तिथे कुणी नव्हतं. तिने घसा साफ केला आणि म्हणून बघितलं, "माझा भाऊ खोटा नव्हता." आवाज तिच्या तिलाच जेमतेम ऐकू आला. तिने भिंतीला हात टेकला, दम घेतला आणि पुन्हा म्हटलं.

खर्र थांबलं. "काय हो अक्का?" खालून काकूंनी विचारलं. "मला काही म्हणालात?"

"नाही."

"मग कुणाशी बोलताय? आणि इतक्या सकाळी कुठे?"

"वाचनालयात."

"आत्ता? पुस्तकाच्या खिडकीला वेळ आहे अजून. आत्ता नुसती पेपरवाली मंडळी असतील. सगळं टेबल भरलेलं असेल बघा."

"असू दे," अक्का म्हणाली. "छोट्याकडे जरा डोकावाल मधे? पाणी लागलं तर. उताणा होऊ देऊ नका."

"बघते ना. जा तुम्ही."

कागदांच्या थप्प्यांमधून वाट काढत ती रस्त्यावर आली. ऊन नुकतंच आलं होतं. ओठ मिटूनच तिने ते वाक्य आणखी एकदा म्हटलं, आणि वाचनालयाच्या दिशेने चालू लागली.